कडब्याची ट्रॉली भरण्यापासून गंजी लावेपर्यंत: कोणते काम आधी, कोणते नंतर

कडब्याची ट्रॉली बहुतेक जण ज्या क्रमाने भरतात, तो क्रमच उलटा आहे. आधी शेतात ट्रॉली भरायची, मग दोर शोधायचा, मग वाटेतल्या तारांकडे बघायचे आणि घरी पोचल्यावर ‘कुठे टाकायचा?’ असे विचारायचे. एव्हाना अंधार पडलेला असतो, माणसे थकलेली असतात आणि उंच भरलेली ट्रॉली कमी करायची कोणाचीच तयारी नसते. तार लागून पेटलेला कडबा, बांधावर कलंडलेली ट्रॉली, वरून पडून मोडलेला हात, यांतले बरेचसे या उलट्या क्रमामुळे घडते.

म्हणून तयारी शेवटाकडून करायची. गंजीची (कडबा रचून साठवायच्या ढिगाची) जागा, मग वाट, मग ट्रॉली, आणि या तिन्हींची खात्री झाल्यावर पहिली पेंढी. खालचे टप्पे रब्बी ज्वारीच्या कडब्यासाठी लिहिले आहेत. यंत्राने बांधलेले गठ्ठे असतील तर काय बदलते, तेही पुढे दिले आहे.

## १. गंजीची जागा आधी तयार करा

कुठे गंजी म्हणतात, कुठे वळई, पण जागेचे नियम सगळीकडे तेच. जागा थोडी उंचवट्यावर हवी, पावसाचे पाणी तिच्याकडे वाहत येता कामा नये. घर आणि गोठा यांच्यापासून किमान ५०-६० फूट लांब. चूल, धुणी, पाचट जाळण्याची जागा यांच्यापासून त्याहूनही लांब.

विजेच्या तारेखाली किंवा डीपीजवळ गंजी कधीच लावू नका. वाऱ्यात दोन तारा एकमेकींना घासल्या की ठिणगी पडते, आणि तिला वाळलेले एक पाचोळ्याचे पान पुरते.

जमिनीवर दगड मांडून त्यावर बाभळीच्या फांद्या किंवा पऱ्हाट्या आडव्या टाका. वीतभर उंची मिळाली तरी चालेल. ही बैठक नसेल तर खालचा थर ओल ओढतो, बुरशी धरतो, आणि सहा महिन्यांनी तो कडबा जनावर हुंगून सोडून देते.

तपासा: भरलेली ट्रॉली या जागेपर्यंत पुढे जाऊन परत वळेल का? उलटी घ्यावी लागणार असेल तर मागे दिशा दाखवायला कोण उभे राहील, हे आत्ताच ठरवा.

## २. वाट पायी चालून पाहा

हा टप्पा सगळ्यांत जास्त वगळला जातो, आणि जीव यातच जातात.

शेतापासून गंजीपर्यंत वर बघत चाला. किती ठिकाणी तार आडवी जाते, कुठे झोळ जास्त आहे, कुठला खांब कलला आहे, ते लक्षात ठेवा. बांधाचा चढ, ओढ्याचा उतार, पाटावरची मोरी, अरुंद वळण, झाडाची खाली आलेली फांदी, हेही.

आता उंचीचा हिशोब. रस्ता सोडून इतर ठिकाणी, म्हणजे शेतातून जाणारी ११ हजार व्होल्टपर्यंतची उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटर, म्हणजे साधारण १५ फूट असावी असा नियम आहे. ट्रॉलीचा माल जमिनीपासून १२ फूट भरला तर वर तीन फूट उरतात. त्या मालावर एक माणूस बसला की त्याचे डोके बरोबर तारेपाशी येते. हाताने पेंढी दाबत तो उठून उभा राहिला, तर पुढे काही बोलायलाच उरत नाही. तेही तार नियमाप्रमाणे असेल तर. खांब कललेला असेल, जमिनीवर भर पडून ती उंच झाली असेल, तर १५ फूट उरलेलेच नसतात.

आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. उन्हाने तापली की तार लांबते आणि झोळ वाढतो. सकाळी ज्या तारेखालून ट्रॉली निघाली, तीच तार दुपारी दोन वाजता खाली आलेली असते. त्यामुळे ‘पहिली खेप गेली, म्हणजे दुसरीही जाईल’ हे खरे नाही.

सावधान: तारेची उंची बांबू, काठी किंवा पाइप वर धरून मोजू नका. लांब उभे राहून डोळ्यांनी अंदाज घ्या. शंका आली तर वाट बदला. तार खरोखरच खाली लोंबत असेल तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि वायरमनला सांगा, ते काम होईपर्यंत त्या वाटेने कडबा नेऊ नका.

## ३. ट्रॅक्टर आणि ट्रॉली

ट्रॉली रिकामी असतानाच हे बघा:

- हुकाची पिन पूर्ण खाली बसली आहे आणि तिला क्लिप लावली आहे. पिनच्या जागी सळईचा तुकडा किंवा बोल्ट चालणार नाही. शक्य असेल तर वेगळी साखळीही अडकवा.
- चारही चाकांत हवा सारखी आहे. एका बाजूला हवा कमी असेल तर उंच माल त्याच बाजूला झुकतो.
- ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल पट्टीने एकत्र जोडले आहेत. नांगरट करताना वळणासाठी ती पट्टी काढलेली असते आणि तशीच राहते. रस्त्यावर एकाच पेडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो आणि भरलेली ट्रॉली आडवी होते.
- सायलेन्सरमधून ठिणग्या पडत नाहीत.
- मागे रिफ्लेक्टर आहे, चाकाखाली लावायला दोन मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे आहेत.
- पाण्याचे दोन कॅन, दोन-तीन पोती आणि एक विळा ट्रॅक्टरवर आहे.

विळा दोर कापण्यासाठी लागतो. आग लागल्यावर गाठ सुटत नाही.

## ४. माणसे, कपडे, वेळ

कमीत कमी चार माणसे: एक ट्रॅक्टरवर, एक वर रचणारा, दोघे खालून देणारे. वर रचायला घरातले सगळ्यांत हलके पोर चढवायची पद्धत चुकीची आहे. रचणाऱ्याला थर लावता आला पाहिजे. मुले मदतीला हवीच असतील तर पाणी आणून देतील, ट्रॉलीजवळ नको.

ज्वारीच्या पात्याची धार ब्लेडसारखी कापते, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे हवेत. बायका साडीवर जुना शर्ट घालतात, तेच उत्तम. पदर, ओढणी, उपरणे घट्ट खोचलेले असू द्या. पायांत बूट हवेत, चप्पल नको. कडबा जुना किंवा बुरशी धरलेला असेल तर नाकातोंडाला फडके बांधा. ती धूळ आज नुसती खोकला आणते, पण दरवर्षी घेतली तर छातीत घर करते.

पेंढ्या बांधायच्या असतील तर पहाटेची वेळ चांगली, दंवाने पाला मऊ असतो आणि झडत नाही. भरणी मात्र दंव उडाल्यावरच सुरू करा. ओल घेऊन गंजीत गेलेला कडबा आतून तापतो. मार्च-एप्रिलचे ऊन चढायच्या आत पहिली खेप काढा, दुपारी थांबा, आणि शेवटची खेप उजेड असतानाच घरी पोचेल एवढाच माल उचला.

## ५. पेंढी उचलण्याआधी

शेतात आठ-दहा दिवस पडलेल्या ढिगाखाली उंदीर येतात, आणि उंदरांमागे साप. नाग, घोणस, मण्यार, फुरसे, कोणीही असू शकतो. ढिगावर लांब काठी आपटा, थोडे थांबा, मग वरची पेंढी आपल्याकडे न ओढता बाजूला ढकला. हात कधीही पेंढीखाली घालू नका, बंदाला (पेंढीच्या बांधणीला) धरून उचला. विंचवासाठीही हीच काळजी.

साप चावलाच तर जखम कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. चावलेला अवयव न हलवता माणसाला १०८ च्या गाडीने किंवा मिळेल त्या वाहनाने ग्रामीण रुग्णालयात न्या.

एक पेंढी दोन-अडीच किलोची असते, तिने कंबर धरत नाही. कंबर धरते ती पाचुंदा (पाच पेंढ्या) एकदम उचलून कमरेतून वळत वर फेकल्याने. गुडघ्यात वाका, ओझे अंगाजवळ घ्या, आणि वळायचे असेल तर पाय वळवा. वर फेकताना पाचुंद्याऐवजी दोन-दोन पेंढ्या द्या. काम थोडे लांबते, पण संध्याकाळी माणूस सरळ उभा राहतो.

## ६. थर लावणे

ट्रॉली कलंडते किंवा कडबा वाटेत सांडतो, त्याची सुरुवात इथे होते.

शंभर पाचुंदे म्हणजे ५०० पेंढ्या. पेंढी अडीच किलोची धरली तरी साडेबारा क्विंटल. उसाच्या ट्रॉलीपुढे हे वजन काहीच नाही, आणि फसगत इथेच होते. ट्रॅक्टरला जड लागत नाही, म्हणून माणूस ‘अजून दोन थर चढव’ म्हणतो. कडब्याला वजनाची मर्यादा लागत नाही, उंचीची लागते.

सपाट जागेवर, चाकांना ठोकळे लावून, हँडब्रेक ओढून ट्रॉली उभी करा. उतारावर भरलेली ट्रॉली सपाटीला आली की माल एका बाजूला गेलेला दिसतो.

पहिला थर फाळक्यांच्या (ट्रॉलीच्या उघडणाऱ्या बाजूंच्या) आत, पेंढ्या लांबीच्या दिशेने, दाबून. फाळक्याच्या वर आलात की पेंढ्या आडव्या घ्या. बुडखे (मुळाकडची जाड टोके) बाहेर, शेंडे आत. आधी चार कोपरे, मग दोन्ही कडा, मग मध्य. मधल्या पेंढ्या कडेच्या पेंढ्यांच्या शेंड्यांवर आल्या पाहिजेत. त्यांच्या वजनाने कडेची पेंढी आत धरली जाते. हे बंधन नसेल तर वरून कितीही दोर आवळा, मधल्या थरातली एखादी पेंढी सरकतेच, आणि एक निघाली की तिच्या मागे दहा निघतात.

मध्य कडेइतकाच ठेवा. तो फुगला तर कडेच्या पेंढ्या बाहेरच्या बाजूला उतरत्या होतात आणि धक्क्याने घसरतात. (गंजीत याच्या उलट करायचे असते, ते पुढे येईल.)

प्रत्येक थरानंतर खाली उभ्या माणसाने मागून बघावे. दोन्ही बाजू चाकापासून सारख्याच बाहेर आहेत का? वरून हे दिसत नाही. पुढच्या बाजूला एकही ताट (कडब्याची काडी) सायलेन्सरच्या जवळ जाता कामा नये, हातभर अंतर मोकळे ठेवा. मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर झाकू देऊ नका.

उंची मोजायला एका दोरीला १२ फुटांवर गाठ मारून ठेवा. वरच्या माणसाने तिचे टोक जमिनीला टेकेपर्यंत खाली सोडायचे. गाठ मालाच्या वर राहिली पाहिजे. मालाच्या खाली गेली तर थर उतरवा.

सावधान: एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडे ट्रॉली पुढे घेताना वरचा माणूस उभा नसावा. बहुतेक माणसे याच पंचवीस-तीस फुटांच्या हालचालीत पडतात. वरच्याने खाली बसून ‘चल’ म्हटल्याशिवाय क्लच सोडायचा नाही. ‘चल’ म्हणण्याचा हक्क त्या एकाचाच. खालून तिघे ओरडू लागले की घात होतो.

## ७. आवळणे

दोर नायलॉनचा असो की काथ्याचे चऱ्हाट, आधी पूर्ण लांबी हातातून सोडून बघा. कुठे धागे तुटलेले, कुठे उन्हाने कडक झालेले असतील तर तो दोर या कामाचा नाही. दोन दोर लांबीच्या दिशेने आणि किमान दोन आडवे. टोके ट्रॉलीच्या हुकांना बांधा. फाळक्याला बांधू नका, ते झटक्याने उघडते.

दोरावर लोंबकळून आवळू नका. दोर तुटला तर माणूस पाठीवर पडतो. पाय जमिनीवर ठेवून, अंग ट्रॉलीच्या रेषेबाहेर ठेवून ओढा, नंतर बांबूने पीळ देऊन बांबू बांधून टाका. मोकळा सुटलेला बांबू तोंडावर बसतो.

वरच्या माणसाला शिडीने उतरवा. उडी नको, आणि आवळलेल्या दोराला धरून घसरत येणेही नको.

आमच्याकडे एकदा सगळे नीट झाले होते, तरीही पाटाच्या मोरीवर अर्धी ट्रॉली खाली आली. दोर घट्ट होता, मी स्वतः ओढला होता. पण शेतातून बांधावर चढेपर्यंतच्या हेलकाव्यांनी कडबा चार-सहा बोटे बसला आणि दोर सैल झाला. माझ्या थोरल्या चुलत्यांनी खाली पडलेला दोर उचलून दाखवला, गाठ जशीच्या तशी होती. तेव्हापासून नियम असा: निघाल्यावर दोनशे-तीनशे पावलांवर थांबायचे, उतरायचे, प्रत्येक दोरावर हात दाबून बघायचा आणि पुन्हा पीळ द्यायचा. डांबरी रस्त्याला लागण्याआधी आणखी एकदा.

## ८. प्रवास

मालावर कोणीही बसायचे नाही. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आणि मधल्या दांडीवरही नाही.

उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका. न्यूट्रलमध्ये सोडू नका. बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते. बांध तिरका ओलांडू नका, दोन्ही चाके एकदम चढतील अशी सरळ घ्या. वळण माणूस चालतो त्या वेगाने.

तार आडवी येते तिथे ट्रॅक्टर आधी थांबवा. एकाने उतरून बाजूला, ट्रॉलीपासून लांब उभे राहून तार आणि माल यांच्यातले अंतर बघावे आणि मग हाताने इशारा करावा. काठीने तार वर उचलून ट्रॉली काढण्याचा प्रकार अजूनही होतो. वाळलेला बांबूसुद्धा आतून ओला असू शकतो. असे करू नका आणि कोणाला करू देऊ नका.

### तार लागलीच तर

ड्रायव्हरने जागेवर बसून राहावे. ट्रॅक्टर पुढे किंवा मागे घेऊन तार सुटत असेल तर घ्यावा. सुटत नसेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत उतरू नये. बाकीच्यांनी ट्रॉलीला हात लावू नये, लांब थांबावे. ‘वाचवायला’ धावलेलाच आधी जातो.

आग लागली आणि उतरणे भागच असेल, तर एक हात ट्रॅक्टरला आणि एक पाय जमिनीवर असे कधीही होऊ देऊ नका. दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारा, आणि पाय न उचलता, जुळलेलेच ठेवून, छोट्या-छोट्या सरपटत्या पावलांनी ३०-४० फूट दूर जा.

### वाटेत नुसती आग लागली तर

वेगाने पळवू नका, वाऱ्याने ती भडकते. वस्तीपासून बाजूला मोकळ्यात थांबवा. आग मागे असेल आणि पिन हाताला लागत असेल तर पिन काढून ट्रॅक्टर पुढे घ्या. धग पुढे आली असेल तर ट्रॅक्टर सोडून द्या. अग्निशमनासाठी १०१ किंवा ११२. कॅनमधले पाणी आणि ओली पोती सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांपुरतीच. माल पूर्ण पेटला की त्याच्यावर चढून कोणी पेंढ्या काढायला जाऊ नये.

## गठ्ठे असतील तर

भाताचा पेंढा, सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट बेलरने (गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राने) बांधलेले असेल तर लहान गठ्ठा साधारण १५ ते २५ किलोचा असतो. तो दोन्ही दोऱ्यांना धरून, मांडीचा आधार देत उचला. पाचवा थर आला की खालून फेकू नका. विटांसारखा सांधा मोडत रचा, म्हणजे वरचा गठ्ठा खालच्या दोन गठ्ठ्यांवर येईल.

मोठा गोल गठ्ठा मात्र दोनशे किलोपासून पुढे कितीही भरतो. तो माणसांनी ढकलायचा नाही. उतारावर त्याचे सपाट तोंड उताराकडे ठेवा, नाहीतर तो चाकासारखा निघतो. लोडरने नेताना जमिनीलगत न्या, आणि त्याला घट्ट धरणारे जोड नसतील तर वर उचलूच नका. उंच उचललेला गठ्ठा मागे घरंगळून थेट ड्रायव्हरवर येतो. बेलरमध्ये गवत अडकले तर आधी पीटीओ (बेलर फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा) बंद, मग इंजिन बंद, चावी खिशात, सगळे फिरायचे थांबेपर्यंत वाट, आणि मगच हात.

## ९. उतरवणे आणि गंजी रचणे

दोर सोडताना ट्रॉलीच्या बाजूला माणूस नको. प्रवासात माल एका अंगाला रेललेला असतो आणि दोर हाच त्याचा आधार असतो. ज्या बाजूला झुकला असेल, तिच्या विरुद्ध बाजूने सोडा. वरून थराथराने उतरवा, मधून ओढू नका.

भिजलेली पेंढी वेगळी काढा. अवकाळी पावसात सापडलेला कडबा वरून एका दिवसात वाळतो, पण बंदाखाली ओल धरून असतो. बंदाजवळ ताट मोडून बघा. ताट कडकन मोडले तर वाळले आहे. वाकले आणि आतला गर ओलसर लागला तर पेंढी सोडून उन्हात पसरा.

रचताना बुडखे बाहेर, शेंडे आत, आणि इथे मध्य कडेपेक्षा हातभर उंच. म्हणजे प्रत्येक पेंढी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती होते आणि पाऊस बुडख्यांवरून निथळून जातो. मध्य खोल राहिला तर तेच पाणी आत उतरते आणि गंजी वरून चांगली दिसत असताना पोटातून कुजते. वर निमुळती आणत दोन्हीकडे उतार द्या. ताडपत्री टाकायची असेल तर शेंड्यावर टाका, बाजू मोकळ्या ठेवा, म्हणजे आतली वाफ निघून जाईल.

## १०. पहिले तीन आठवडे आणि त्यानंतर

दर दोन-तीन दिवसांनी गंजीत लांब लोखंडी सळई खोल घालून पाऊण तास ठेवा. बाहेर काढून मुठीत धरा. कोमट लागली तर हरकत नाही. धरवत नसेल, किंवा गंजीतून वाफ, आंबूस किंवा जळका वास येत असेल, तर आत उष्णता साठते आहे. जळका वास असताना स्वतः गंजी उकरू नका. आत हवा गेली की ती भडकते. आधी अग्निशमनला फोन, पाण्याची सोय, मगच उकरणे.

कडबा काढताना वरच्या थरापासून, एका टोकाकडून पायऱ्या ठेवत या. रोजच्या चार पेंढ्या खालून, हाताशी येतात म्हणून ओढल्या जातात, आणि जूनपर्यंत गंजीच्या पोटात माणूस वाकून आत जाईल एवढी पोकळी होते. ती कोसळते तेव्हा आत वैरण काढणारी घरची बाई असते, नाहीतर सावलीला शिरलेले पोर. पोकळी पडलेली दिसली तर त्याच दिवशी वरचा भाग उतरवून घ्या आणि शिडी गंजीला टेकवून तिथेच ठेवा.